नागपंचमी की २४ ऑगस्ट? दिनविशेषाच्या तारखा ठरतात तरी कशा

ऑगस्टच्या २३ तारखेला रात्री भाचीचा फोन आला. ती जळगावात आठवीत आहे. दुसऱ्या दिवशी परिपाठात ‘आजचे दिनविशेष’ वाचायची पाळी तिची, आणि फळ्यावर लिहायचंही तिनेच. २४ ऑगस्ट म्हणजे बहिणाबाई चौधरींची जयंती, त्यामुळे मजकूर तयारच होता: ‘बहिणाबाईंचा जन्म नागपंचमीच्या दिवशी, २४ ऑगस्ट १८८० रोजी असोदे येथे झाला.’ पण तिला एक शंका आली होती. “मामा, नागपंचमी तर होऊन गेली. आपण भिंतीला नाग काढले, त्याला किती दिवस झाले! मग जयंती उद्या कशी?”

मी म्हणालो, तिथी आणि तारीख दरवर्षी जुळत नाहीत बेटा. फोन ठेवला आणि मलाच वाटलं, हे उत्तर अर्धवट झालं. यंदा जुळत नाही ते ठीक, पण १८८० साली तरी ती जुळली होती का? ते शोधायला बसलो आणि रात्रीचा एक वाजला. जे सापडलं ते पुढे सांगतो. त्याआधी थोडं मुळापासून.

तारीख ही मोजपट्टी आहे

शेत तेच असतं. आजोबा ते बिघ्यात सांगतात, तलाठी हेक्टर-आरमध्ये लिहितो आणि दलाल एकरात भाव करतो. आकडे वेगळे आले म्हणून जमीन वाढत नाही की घटत नाही.

दिवसाचंही तसंच आहे. एखादी घटना घडली तो दिवस एकच. त्याला नाव देणाऱ्या मोजपट्ट्या मात्र अनेक, आणि खान्देशात त्या जरा जास्तच आहेत. इथे १३८२ पासून फारुकी सुलतानांचं राज्य होतं. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि मोगल आले. त्या काळचे कागद हिजरी सनात. मग मराठे आले, त्यांचे कागद शकात आणि सुहूर सनात. १८१८ नंतर इंग्रज आले आणि इसवी सनाची तारीख रुळली. घरात मात्र बायाबापड्यांचं वर्ष आखाजी (म्हणजे अक्षय्यतृतीया), कानबाईचा सण, पोळा असंच चालत राहिलं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, सालसुद्धा आखाजीला बदलायचं, १ एप्रिलला नाही.

दिनविशेष लिहिणारा माणूस या सगळ्या पट्ट्यांवरचे आकडे एकाच पट्टीवर उतरवतो. घोळ होतो तो ह्या उतरवण्यात.

तिथी सरकते कशामुळे

एका गोल मैदानाला दोघं फेऱ्या मारताहेत असं समजा, एक बैलगाडी आणि एक मोटारसायकल. बैलगाडी म्हणजे सूर्य, मोटारसायकल म्हणजे चंद्र. दोघं एका रेषेत आले की अमावास्या. तिथून चंद्र पुढे पळतो. पूर्ण फेरीचे ३६० अंश धरले, तर चंद्राने सूर्यावर १२ अंशांची आघाडी घेतली की एक तिथी संपते. अशा ३० तिथ्या झाल्या की तो पुन्हा सूर्याला गाठतो आणि चांद्रमहिना पुरा होतो.

चंद्राचा वेग कायम सारखा नसतो. म्हणून एखादी तिथी १९-२० तासांत आटोपते, तर एखादी २६ तासांपर्यंत लांबते. मग कोणत्या दिवसाला कोणती तिथी म्हणायची? त्यासाठी पंचांगाचा नियम शाळेच्या हजेरीसारखा आहे. सूर्योदयाला हजेरी होते, त्या वेळी जी तिथी हजर ती त्या दिवसाच्या नावावर. एखादी तिथी हजेरीनंतर आली आणि दुसऱ्या हजेरीआधीच निघून गेली, तर तिचा क्षय. दोन हजेऱ्यांना सापडली, तर वृद्धी.

असे बारा महिने मिळून साधारण ३५४ दिवस भरतात. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे दरवर्षी ११ दिवसांची उधारी. ती साठत साठत महिन्याएवढी झाली की धोंड्याचा, म्हणजे अधिक महिना टाकून हिशेब चुकता करायचा. हिजरी सनात हा धोंडा नसतो, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि आपली नागपंचमी पावसाळा सोडत नाही.

नागपंचमीच्याच तारखा बघा. २०२३ मध्ये २१ ऑगस्ट, २०२४ मध्ये ९ ऑगस्ट, २०२५ मध्ये २९ जुलै. दोनदा मागे सरकली. २०२६ मध्ये अधिक महिना असल्यामुळे एकदम पुढे, १७ ऑगस्ट.

मग १८८० साली नागपंचमी कधी होती?

यासाठी एक सोपी युक्ती आहे, घरबसल्या करता येते. १९ सौर वर्षांत जवळपास नेमके २३५ चांद्रमहिने बसतात. त्यामुळे दर १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा एकमेकींना भेटतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो. (स्वतःवर करून बघा. तुमचा एकोणिसावा किंवा अडतिसावा वाढदिवस तिथीनेही बहुतेक त्याच दिवशी आला असेल.)

१८८० मध्ये १९ च्या सात पटी, म्हणजे १३३ मिळवले की २०१३ येतं. आमच्या घरात जुनी कॅलेंडरं फेकत नाहीत, कारण मागच्या कोऱ्या जागांवर दुधाचा हिशेब असतो. २०१३ चं सापडलं. नागपंचमी रविवारी, ११ ऑगस्टला.

म्हणजे १८८० ची नागपंचमीही १०-११ ऑगस्टच्या आसपासच असायला हवी. दुसरीकडून पडताळा घेतला. ७ जुलै १८८० ला सूर्यग्रहण झालं होतं. सूर्यग्रहण अमावास्येशिवाय होत नाही. त्यात साडेएकोणतीस दिवस मिळवले की पुढची अमावास्या ६ ऑगस्टला, आणि तिथून पाचवा दिवस ११ ऑगस्ट. दोन्ही वाटा एकाच वेशीत येऊन मिळाल्या.

२४ ऑगस्ट १८८० ला मात्र पौर्णिमा उलटून गेली होती, श्रावणाचा वद्य पक्ष चालू होता. थोडक्यात, ‘नागपंचमी’ आणि ‘२४ ऑगस्ट’ ही जोडी महाराष्ट्राच्या पंचांगानुसार एकत्र नांदू शकत नाही. दोघींपैकी एक खरी असेल, तर दुसरी नंतर चिकटली आहे.

माझा कौल विचाराल तर नागपंचमीला. १८८० साली असोद्याच्या शेतकरी घरात मूल जन्मलं, तर आईच्या लक्षात सण राहणार. इंग्रजी तारीख त्या घरात कशाला कोण सांगेल? बहिणाबाई स्वतः लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेवांनी आणि नात्यातल्या माणसांनी उतरवून घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. तारीखही अशीच कुणीतरी मागाहून मांडली असणार.

एक गंमत राहिली. शेजारी गुजरातेत नागपंचमी श्रावण वद्य पंचमीला असते, आपल्यापेक्षा पंधरवड्याने उशिरा. १८८० मध्ये ती २४-२५ ऑगस्टच्या सुमारास आली असती! तारीख काढणाऱ्याच्या हातात गुजराती पंचांग तर नव्हतं? हा निव्वळ माझा तर्क, पुरावा काही नाही. पण सुरतेशी इतका व्यवहार असलेल्या आपल्या मुलखात असं पंचांग घरात असणं काही अशक्य नाही.

‘पण इंग्रजी तारीख तरी पक्की असते ना?’

तीही एक नाही, दोन आहेत.

रोमन काळापासून युरोपात चालत आलेलं कॅलेंडर वर्षाला ३६५ दिवस आणि ६ तास धरत होतं. खरं सौर वर्ष त्यापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी लहान. अकरा मिनिटं म्हणजे एक चहा. पण घरातलं घड्याळ रोज इतकुसं जरी चुकत राहिलं, तरी वर्षभराने पॅसेंजर चुकणारच. सोळाव्या शतकापर्यंत ही चूक दहा दिवसांवर गेली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये तडकाफडकी उपाय केला: ४ ऑक्टोबर, गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार. मधले दहा दिवस कॅलेंडरमधून गायब. वारांची माळ मात्र त्यांनी तुटू दिली नाही, आणि हे पुढे कामाला येणार आहे.

जुन्या पद्धतीला जुलियन म्हणतात, नव्या पद्धतीला ग्रेगोरियन. पोर्तुगीज कॅथलिक, त्यांनी नवी पद्धत लगेच घेतली. इंग्रजांनी पोपचं ऐकायला १७५२ साल उजाडू दिलं. रशिया तर १९१८ पर्यंत अडून बसला होता, म्हणून त्यांच्या ‘ऑक्टोबर क्रांती’चा वर्धापनदिन नोव्हेंबरात येतो.

आता विचार करा. सतराव्या शतकात सुरतेत इंग्रज, गोव्यात पोर्तुगीज. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा रस्ता आपल्या खान्देशातून. एकाच दिवशी दोघांनी पत्र लिहिलं, तर त्यावर तारखा दहा दिवसांच्या फरकाने. शिवाय इंग्रजांचं कायदेशीर नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला लागायचं. त्यामुळे १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, ती इंग्रजांच्या जुन्या हिशेबाने १६६३ मध्येच पडते. हे ठाऊक नसलेला माणूस जुनं पत्र वाचेल आणि लूट वर्षभर आधी झाली असं ठामपणे सांगेल.

दोन शिवजयंत्यांचं कोडं

आपल्याकडे दरवर्षी ढोल दोनदा वाजतो. एकदा १९ फेब्रुवारीला, एकदा तिथीने, बहुधा मार्चमध्ये. २०२५ मध्ये १७ मार्चला आली होती. यावरून दोस्तांच्या गप्पांत भांडणं होतात, पण हा वाद खरं तर दोन वेगळ्या प्रश्नांचा गुंता आहे.

पहिला प्रश्न: जन्म कोणत्या वर्षी झाला? पूर्वी शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ चा एप्रिल मानत. मग जेधे घराण्याकडची शकावली, म्हणजे घटनांची सालवार यादी, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती छापून निघाली. तिच्यात नोंद होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ काव्यातही तीच तिथी मिळाली. महाराष्ट्र शासनाने पुढे हाच दिवस मानला, १९ फेब्रुवारी १६३०.

दुसरा प्रश्न: वर्ष ठरल्यावर साजरा कधी करायचा, तिथीने की तारखेने? हा इतिहासाचा प्रश्नच नाही, हा निवडीचा आहे. पहिल्याचे पुरावे दुसऱ्यासाठी वापरले की नुसता आवाज वाढतो.

आता त्या ‘शुक्रवार’ शब्दाकडे बघा. आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर तसंच मागे नेलं, तर १९ फेब्रुवारी १६३० ला मंगळवार येतो. चुकलं का? नाही. १९ फेब्रुवारी ही जुलियन तारीख आहे आणि त्या पद्धतीने बरोबर शुक्रवारच येतो. ग्रेगोरियनमध्ये तोच दिवस १ मार्च १६३०, आणि त्यालाही शुक्रवार. माळ तुटली नव्हती म्हणतात ती अशी.

मग आता १ मार्चला जयंती करायची का? कुणी करत नाही, आणि करायची गरजही नाही. त्या काळचे इंग्रजी कागद ज्या पद्धतीत आहेत तीच पद्धत धरायची, असा अभ्यासकांचा संकेत आहे. फक्त ‘आज बरोबर इतकी वर्षं झाली’ असं दिवसाच्या हिशेबाने कुणी सांगू लागला, तर त्याला दहा दिवसांची सूट द्यावी.

दिवस उजाडतो केव्हा?

हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण इंग्रजी दिवस मध्यरात्री बदलतो, पंचांगाचा सूर्योदयाला आणि हिजरी सनाचा सूर्यास्ताला. राज्याभिषेकाची नोंद यात नेमकी अडकते. शकावली सांगते, शुक्रवारी, तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले. घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सव्वा तास कमी. पंचांगाच्या दृष्टीने शुक्रवार अजून संपायचा होता. इंग्रजी हिशेबात मात्र शनिवार, ६ जून १६७४ केव्हाच लागला होता. दोन कागदांवर दोन वार दिसले, तर लगेच कुणाला खोटं ठरवू नये.

वार हा साक्षीदार चांगला

तारीख खरी की खोटी हे तपासायचं साधं हत्यार म्हणजे वार. आपल्या धुळ्याचंच उदाहरण घ्या. १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे दर रविवारी ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारीला, शेवटचं १९ जूनला. मी कॅलेंडर काढून बसलो. २१ फेब्रुवारी १९३२ रविवार. १९ जून रविवार. दोन्ही धरून मधले रविवार मोजले, अठरा. गीतेचे अध्याय अठरा. एकही रविवार चुकला नव्हता. अशी तारीख हातात आली की बरं वाटतं, काट्यावर माल बरोबर उतरावा तसं.

असं जुळतं कारण ऐकणाऱ्याने त्याच वेळी लिहून ठेवलं होतं. नंदुरबारचा ९ सप्टेंबर १९४२ तसाच. ‘चले जाव’ला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी मिरवणूक निघाली आणि पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता चार साथीदारांसह गोळीबारात गेला. गावाच्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट.

उलट बाजूचं उदाहरण पानिपताचं. ‘संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो. लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली हे खरं, त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी आणि बुधवार होता. पण संक्रांत १४ जानेवारीलाच असते, असा काही ताम्रपट नाही. ती सुमारे ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्या शंभर वर्षं आधी, १७६१ मध्ये, संक्रांत १०-११ जानेवारीला होऊन गेली होती. वाक्य झकास आहे, म्हणून टिकलं.

‘इतकी चिरफाड कशाला? दोन-चार दिवसांनी काय बिघडतं?’

जयंतीला हार घालायचा असेल तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते क्रम लावताना. पत्र आधी की लढाई आधी, तह झाला तेव्हा बातमी पोचली होती की नव्हती, हे दहा दिवसांच्या चुकीने उलटंपालटं होतं. धुळ्यात आयुष्याची अखेर घालवलेले इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले, ते कथा ऐकायला नाही, कागद बघायला.

‘नेटवर सगळीकडे तेच दिलंय’ हाही आक्षेप नेहमीचा. सकाळी सहाला येणारा ‘आजचे दिनविशेष’चा मेसेज पन्नास गटांत असतो, पण तो एकाच माणसाने लिहिलेला असतो. पन्नास जणांनी एकाच वहीतून उतरवलं, म्हणून उत्तर पन्नास वेळा बरोबर ठरत नाही.

आणि कागदावर आहे म्हणजे खरं, असंही नाही. आमच्या वडिलांची जन्मतारीख १ जून १९५९ आहे. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जूनच. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोराला पहिलीत घ्यायचं तर वय बसायला हवं, आणि आईबापाला तारीख माहीत नसायची. गुरुजींनी दौतीत टाक बुडवला आणि सगळ्यांना १ जून देऊन टाकला. म्हणून दरवर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागते, कारण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो.

आजी मात्र शेवटपर्यंत सांगायची, “पोयाना दुसरा दिन.” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. साल दाखल्यावरचंच खरं धरलं आणि त्यात १९ च्या तीन पटी मिळवल्या, आलं २०१६. त्या कॅलेंडरात पोळा १ सप्टेंबरला. म्हणजे वडील १९५९ च्या सप्टेंबरात, पहिल्या तीन-चार दिवसांतले. गुरुजींच्या टाकाने त्यांना तीन महिने मोठं केलं. खरी तारीख लागली असती तर ३१ मे ऐवजी सप्टेंबरअखेर निवृत्त झाले असते, चार महिन्यांचा पगार जास्त मिळाला असता. मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं, कॅलेंडर समोर ठेवून. त्यांनी चष्मा काढला, पगाराचा आकडा मनात लावला, आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे आते.”

भाचीला सकाळी साडेसहाला फोन केला. तिने फळ्यावर लिहिलं, ‘आज बहिणाबाई चौधरी यांची जयंती साजरी केली जाते. त्यांचा जन्म १८८० साली नागपंचमीला, असोदे येथे झाला असे सांगतात.’ बाईंनी विचारलं, “साजरी केली जाते म्हणजे काय गं? सरळ लिही की.” ती म्हणाली, मामाचं दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर आणून दाखवते.